मुंगीची साक्ष

मुंगी शोधायला घरातली चार मोठी माणसं लागली, यावरूनच उतेकरांच्या अकलेचा अंदाज घ्यावा. एरवी चंद्राबाईच्या गुळाच्या डब्यात इतक्या मुंग्या असतात की चहा दोनदा गाळावा लागतो. आज बारशाची सकाळ, पाळण्याला फुगे बांधून झालेले, वाडीतल्या बायका जमायला अजून दोन तास, आणि घरात एक मुंगी सापडेना. चांगू उतेकर परसातले दगड उलटे करत होता. त्याचा मुलगा किशोर घाटकोपरहून रजा काढून आदल्या दिवशी आला होता. तो मोबाईलची बॅटरी लावून चुलीमागे वाकला होता. चांगूची थोरली भावजय सुंदराबाई भाताच्या कणगीमागे बघत होती, म्हणजे बघितल्यासारखं करत होती. आणि किशोरची आई चंद्राबाई मधोमध उभी राहून हुकूम सोडत होती.

"काळीच पायजे रे! लाल नको. लाल मुंगी चावरी, तिची साक्ष धरत नाय."

"आणि उपाशी पायजे," पडवीतल्या खाटेवरून प्रयागबाई म्हणाली. "भरल्या पोटाची मुंगी दुधाला तोंड लावत नाय."

"उपाशी मुंगी ओळखायची कशी, आजी?" किशोरने विचारलं.

"चालीवरनं," असं म्हणून प्रयागबाईने मिशेरीचं बोट दातांवर फिरवलं.

प्रयागबाई या वाडीची सुईण. वीस वर्षांत तिच्या हातून एक बाळंतपण झालेलं नाही. कापडे गावाच्या वरच्या अंगाच्या सगळ्या वाड्यांतल्या बायका आता पोलादपूरला नाहीतर महाडला जातात. पण बाळंतपणं गेली तरी मतं कुठं जातात? ती म्हातारीकडे भरपूर शिल्लक होती, आणि चंद्राबाईसारखं गिऱ्हाईक मिळालं की ती काठी टेकत वर चढून यायची. दुधाची परीक्षा ही तिची खास विद्या. बाळंतिणीचं दूध वाटीत काढायचं, त्यात मुंगी सोडायची. मुंगी आपल्या पायांनी बाहेर आली तर दूध चांगलं. मेली तर दूध विषारी, ते लेकराला द्यायचं नाही. संपला शोध. डॉक्टर लोक उगाच सात-सात वर्षं शिकतात.

आता या घराला परीक्षेची आठवण का झाली, तर किशोरची बायको सेजल हिचा पहिला मुलगा दीड महिन्याचा होऊन गेला. गेल्या श्रावणाच्या आधीच्या श्रावणात. जुलाब लागले, दोन दिवसांत पोर पांढरं पडलं, महाडला नेईपर्यंत संपलं होतं. सुतकातच कोणीतरी म्हणालं, "आईचं दूध लागलं लेकराला." कोण म्हणालं ते आता कोणी सांगत नाही, पण आवाज चंद्राबाईचा होता एवढं सगळ्यांना आठवतं. त्यानंतर ही मुलगी झाली, महाडच्या सरकारी दवाखान्यात. तिथल्या सिस्टरने तासाभरात पोरीला आईच्या अंगावर लावलं आणि दोन दिवस ती छान प्यायली. तिसऱ्या दिवशी जीप दारात लागली. चंद्राबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोर सुनेच्या हातातून घेतली, आणि त्या दिवसापासून परत दिली नाही. तेव्हापासून बाटली.

हे सगळं असंच चाललं असतं. पण काल किशोरने पोरीला उचललं आणि त्याचा चेहरा उतरला. पोर रडत नव्हती. तोंड उघडायची, आवाज यायचा नाही.

"आई, ही अशी का गो?"

"अशी म्हंजे कशी? गुणाची हाय. रडत नाय, त्रास देत नाय."

"सेजलचं दूध देऊन बघूया का?"

एवढं विचारायचा अवकाश, चंद्राबाईने अख्खी वाडी डोक्यावर घेतली. एक नातू घालवला, आता नात पण घालवायची हाय का? एवढाच भरवसा असेल तर चार माणसांसमोर परीक्षा होऊ दे. प्रयागमावशीला बोलवते. मुंगी जगली तर मी बाटली ओढ्यात फेकीन!

किशोर म्हणाला, बरं. मुंबईत मॉलच्या दारावर उभा राहून रोज हजारभर माणसांच्या पिशव्या तपासणारा हा गडी. आईसमोर मात्र त्याच्या तोंडून 'बरं' सोडून दुसरा शब्द कधी फुटला नाही.

अखेर चांगूला फणसाच्या बुंध्यावर रांगच सापडली. त्याने पंधरा-वीस मुंग्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणात गोळा केल्या, वर पळसाचं पान धरलं आणि पडवीत आणून ठेवल्या.  चांगू घरात कमी बोलतो. बोलायला जागा कधी मिळालीच नाही त्याला.

तेवढ्यात अंगणातून हाक आली, "आहात का घरात?"

शर्मिला होती, गावची आशाताई. खालच्या बौद्धवाडीतली. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनाचा काटा आणि झोळी. चंद्राबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तोंडाने ती म्हणाली, "ये ये. चौदाव्या दिशी येणार व्हतीस ना तू? आज बारावा."

"सातव्या दिवशीचं वजन बघून मला चैन पडलं नाही, काकी. म्हणून आज आले."

"चहा घे." आणि चहा आला कागदी कपात. घरात फडताळभर स्टीलचे कप आहेत. पण शर्मिला येते म्हणून चंद्राबाईने पोलादपूरच्या बाजारातून कागदी कपांची चवड आणून ठेवली आहे, आणि कोणी विचारलं तर म्हणते, धुवायचा त्रास नाय बाय. शर्मिला तो कप दर वेळी ओटीच्या कडेला ठेवते आणि चहा निवून जातो. दोघींपैकी कोणी त्यावर बोलत नाही.

शर्मिलाने सुंदराबाईच्या हातून पोर घेतली, झोळीत ठेवली, काटा वर धरला. बघितलं. पुन्हा बघितलं.

"दोन किलो चारशे."

"मंग बरं हाय की," चंद्राबाई म्हणाली.

"काय बरं आहे? जन्मली तेव्हा दोन आठशे होती. बारा दिवसांत चारशे ग्रॅम गेलं. आजपर्यंत जन्माइतकं वजन परत यायला हवं होतं. किशोरभाऊ, हिला आजच्या आज दवाखान्यात दाखवायचं. आणि काकी, दूध कसं बनवता ते मला सांगा."

"कसं म्हंजे? एक माप पावडर, बाटलीभर पाणी."

"बाटलीभर?"

"भरून! मी काय कंजूस हाय?"

"डब्यावर लिहिलंय, एका मापाला तीस मिली पाणी. तुम्ही अडीचशे घालता. अहो, पांढरं पाणी पाजताय तिला!"

"डब्यावर लिवलंय ते शेरातल्या पोरांसाठी," चंद्राबाई ठसक्यात म्हणाली. "त्यांना सवय असते. आमच्या लेकरांना जड पडतं."

"आणि पाणी उकळता?"

"झऱ्याचं पाणी हाय गो. डोंगरातनं येतं. तुमच्या खालच्या नळासारखं नाय."

शर्मिलाने आवंढा गिळला. या एका घरात तिने इतके आवंढे गिळले आहेत की त्यांचा वेगळा भत्ता मिळायला हवा. ती किशोरकडे वळली. "भाऊ, तिच्या आईला दूध आहे. तुम्ही तिला पाजू द्या. मग दवाखाना."

"आता परीक्षा होतेच हाय," किशोर दुसरीकडे बघत पुटपुटला. "पाच मिनिटांत होईल. फैसला होऊन जाऊ दे एकदाचा, नायतर आई काय ऐकायची नाय."

"कसली परीक्षा?"

त्याने झाकणाकडे बोट दाखवलं. शर्मिलाने पळसाचं पान उचलून बघितलं, परत ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

किशोरला लाज वाटली. त्याला मुंगीचा फोलपणा कळत नव्हता असं नाही. बारावी नापास असला तरी एवढं कळायला बारावी लागत नाही. पण 'दूध लागलं' हे त्याने गेली दीड वर्षं धरून ठेवलं होतं. ते सोडलं तर पुढचा प्रश्न येत होता की मग पोर कशाने गेलं, आणि तेव्हाही दीड महिना बाटली होतीच, आणि ती बाटली रोज कोण धुवत होतं, किंवा धुवत नव्हतं. तो डबा मुंबईहून आणणारा तो स्वतःच होता. ह्या वेळी तर तीन आणले होते, बारशाची भेट म्हणून, पाळण्याखाली ओळीने मांडून ठेवलेले.

"गो सेजल, वाटी भर!" चंद्राबाईने आत हाक दिली आणि प्रयागबाईकडे बघून डोळा बारीक केला. "भरते कसली? धा दिस छाती बांधून ठेवलीय मी तिची. थेंब नाय यायचा."

आत, माजघरात, सेजल भिंतीला टेकून बसली होती. तिने बाहेरचा शब्द न् शब्द ऐकला होता. माहेरी, नाते गावच्या शाळेत तिला विज्ञानात ब्याऐंशी मार्क होते. आज त्या ब्याऐंशी मार्कांची उतेकरांच्या माजघरात मुंगीबरोबर परीक्षा होती. तिला भयंकर राग आला होता. पहिल्या वेळी ती गप्प राहिली होती. सासू म्हणाली, पहिले तीन दिस चीक पिळून टाक, खराब असतो, तिने टाकला. म्हशीच्या चिकाचा खरवस करून ह्या घरातली माणसं बोटं चाटून खातात, आणि बाईचा चीक म्हणे खराब! सासू म्हणाली, गुळाचं पाणी दे, दिलं. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग उगाळून दे, दिली. वरून बाटली लाव, लेकरू धष्टपुष्ट होईल, लावली. आणि लेकरू गेल्यावर सगळी म्हणाली, तुझं दूध लागलं.

ह्या वेळी तिने एकच गोष्ट लपवून केली होती. सातव्या दिवशी शर्मिलाताई कानात सांगून गेली होती, "बांधलेलं सोडत जा आणि दर तीन तासांनी पिळून काढ, नाहीतर आटेल." सेजल न्हाणीत जायची, आतून कडी लावायची, आणि मोरीत पिळायची. पाच दिवस आपल्या पोरीचा घास तिने मोरीत सोडला होता. दर वेळी रडली होती. पण दूध आटू दिलं नव्हतं.

तिने वाटी भरली. काठोकाठ. आणि पदर सावरून, कोणाची परवानगी न घेता, स्वतः पडवीत घेऊन आली.

चंद्राबाई वाटीकडे बघत राहिली. "एवढं कुठनं आलं?"

"तुम्ही परीक्षा घ्या ना," सेजल म्हणाली. "कुठनं आलं ते मग सांगते."

प्रयागबाईने खाटेवरून खाली उतरून मांडी ठोकली. देवाचं नाव घेतलं. झाकणातून एक मुंगी चिमटीत उचलली आणि वाटीत सोडली. सहा मोठी माणसं वाटीवर वाकली. सुंदराबाई तेवढी पोर मांडीवर घेऊन दाराशी बसून होती.

मुंगी दोन वेळा गोल फिरली, काठाला लागली, पाय टेकले आणि सरसर चढून बाहेर आली.

"जगली!" किशोर ओरडला.

"थांब रे," प्रयागबाई शांतपणे म्हणाली. "ही खाल्लेली व्हती."

दुसरी टाकली. तीही बाहेर आली.

"हिला शर्मिलाचा श्वास लागला. तू मागं सर गो."

शर्मिला मागे सरली. तिसरी मुंगी वाटीच्या मधोमध पडली. प्रयागबाईच्या चिमटीत ती आधीच अर्धी चेंगरली होती. तिने एक पाय हलवला आणि ती तरंगत राहिली. सगळे बघत राहिले. पाय पुन्हा हलला नाही.

"बघा!" चंद्राबाईने टाळी वाजवली. खरोखर वाजवली. "बघा डोळे फाडून! मी सांगत नव्हते? इख हाय इख! किशोर, बघितलंस ना तू?"

"आई, दोन जगल्या."

"तीन टाकल्या की एक मरणारच ना," शर्मिला म्हणाली.

"तू गप. तुमच्यात असेल चालत. मावशी, तुम्हीच सांगा, अखेरची साक्ष खरी की नाय?"

"अखेरचीच खरी," प्रयागबाई म्हणाली.

आता सेजल उठली. पाळण्यापाशी बाटली होती, सकाळची, निम्मी उरलेली. तिने ती आणली, बूच काढलं आणि रिकाम्या ताटलीत पांढरं पाणी ओतलं.

"ह्यात पण टाका."

"ह्यात कशाला?" चंद्राबाई म्हणाली. "हे कंपनीचं हाय. ह्याला शिक्का हाय."

"मुंगीला शिक्का वाचता येतो का? टाका."

प्रयागबाई हलेना. तेव्हा चांगू पुढे आला. त्याने झाकण उचललं आणि त्यातल्या उरलेल्या सगळ्या मुंग्या ताटलीत झटकल्या. दोन-चार काठावर लागल्या, त्या निसटल्या. बाकीच्या हातपाय मारत फिरल्या आणि एकेक करून थांबल्या. चांगूने बोटाने मोजल्यासारखं केलं आणि बायकोकडे बघितलं.

"आता?" तो म्हणाला. अख्ख्या सकाळीत त्याचा हा पहिला शब्द.

सगळ्यांनी प्रयागबाईकडे पाहिलं. पण ती काय पहिल्यांदा अशी कोंडीत सापडली होती?

"गोडात मेल्या," ती म्हणाली. "पावडरीत साखर असते. गोडात मुंगी सुखानं मरते. त्याला दोष नाय."

शर्मिलाला हसू आवरेना. किशोरही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "सुखानं?" तो म्हणाला. "आजी, माझा मुलगा काय सुखानं गेला?"

"ह्या बाटलीनं गेला," सेजल म्हणाली. अगदी सरळ आवाजात. "माझ्या दुधानं नाय गेला. ह्या बाटलीनं गेला, ह्या पाण्यानं गेला, तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला घालवला, आणि मी गप्प बसले म्हणून मी पण घालवला. हिला नाय घालवू देणार. मुलगी द्या माझी."

चंद्राबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती दारात आडवी उभी राहिली. एवढ्या वर्षांत सुनेने तिला उलट उत्तर दिलं नव्हतं.

"लई शेफारलीस गो! कोण लागून गेलीस तू? माझी पण परीक्षा झाली व्हती, ह्याच पडवीत, ह्याच मावशीनं घेतली. तिसऱ्या दिशी. मी एकदा पण पाजलं नव्हतं, चीक टाकायला सांगितला म्हणून वाट बघत बसले व्हते. मुंगी मेली. सासूबाई म्हणाल्या, तुझं दूध खराब. मी तोंडातनं शब्द काढला? हा किशोर माझ्या मांडीवरनं उचलला आणि जाऊबायच्या मांडीवर दिला. मी आतल्या खोलीत बसून आठ दिस दूध राखेत पिळलं. ताप आला, गाठी झाल्या. मी ऐकलं! मुकाट ऐकलं! मंग हिला काय सोनं लागलंय, हिनं का ऐकू नये?"

हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे मुंगी मेली हे ठाऊक होतं, गाठींचं कोणाला ठाऊक नव्हतं. किशोर सुंदराबाईच्या दुधावर वाढला ही वाडीतली जुनी गोष्ट. तो तिला मोठीआय म्हणतो. दिवाळीत मुंबईहून दोन साड्या आणतो, आणि निवडायचा मान मोठीआयचा, उरलेली चंद्राबाईला. लग्नात आईच्या जागी पाटावर बसायची वेळ आली तेव्हा दोघींत जे झालं ते कापड्यापर्यंत ऐकू गेलं होतं. नवरा कोंडाजी गेल्यामागे सुंदराबाईला पोरबाळ नाही, जमिनीत नाव नाही. या घरात तिला जो काही मान आहे तो त्या दोन वर्षांच्या दुधाचा. ती तो मान वापरण्यात कधी कुचराई करत नाही. भांडण झालं की तिचं वाक्य ठरलेलं असतं: माझ्या दुधावर तुझा पोर जगला.

आताही सगळ्यांना वाटलं, म्हणेल. चंद्राबाईने तर कमरेवर हात ठेवून त्या वाक्याची तयारीही केली होती.

सुंदराबाई मांडीवरच्या पोरीकडे बघत होती. पोरीचं तोंड तिच्या ब्लाउजवर हुडकत होतं. साठीच्या बाईच्या ब्लाउजवर. हुडकायचं, थांबायचं, पुन्हा हुडकायचं. सुंदराबाईला ते तोंड ओळखीचं होतं. किशोरने पहिल्या दिवशी असंच हुडकलं होतं, आणि तिने डोळे मिटून घेतले होते, कारण भिंतीपलीकडे त्याची आई रडत होती आणि ते तिला ऐकू येत होतं.

"चंद्रा," ती म्हणाली, "तुझ्या वाटीतली मुंगी मेलेलीच व्हती."

"तेच सांगते ना मी. मेली."

"मेली नाय. मेलेली टाकली. सासूबायनी चिमटीत चुरडून आणली आणि मावशीच्या हातात दिली. मी दारात उभी व्हते. बघितलं मी."

चंद्राबाईचे कमरेवरचे हात खाली आले. 

"माझं पोर पोटातच गेलं व्हतं, तुझ्या आधी चार दिस," सुंदराबाई म्हणाली. "दूध वाहायचं. पदर भिजायचा. मी जोत्यावर डोकं आपटायची. सासूबाय म्हणाल्या, हिला पोर नाय दिलं तर ही विहीर जवळ करील. पण तुझ्याकडनं मागायचं कसं? म्हणून ही मुंगी काढली."

"मावशी?" चंद्राबाई वळली. "मावशी, ही काय बोलते?"

प्रयागबाई मिशेरीची डबी चाचपत होती. "सासू मोठं माणूस व्हती तुझी," ती म्हणाली. "तिनं सांगितलं ते मी केलं. लुगडं दिलं तिनं मला. इतक्या वर्षांमागचं आता कशाला उकरायचं गो? चहा टाकलाय का कुणी?"

"मागायचं तरी," चंद्राबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "मागितलं असतं तर दिलं असतं मी. दोघींनी मिळून पाजलं असतं."

दिलं असतं की नसतं कोण जाणे. चंद्राबाईने आजवर जावेला मिठाचा खडा मागितल्यावर दिलेला नाही. पण तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि एकोणिसाव्या वर्षीची चंद्राबाई कशी होती ते आता या घरात कोणालाच ठाऊक नाही, तिला स्वतःलाही नाही. ती दारातून बाजूला झाली आणि उंबऱ्यावरच बसली.

सुंदराबाई उठली, दोघींच्या मधून गेली आणि पोर सेजलच्या मांडीवर ठेवली. "घे," ती म्हणाली. किशोरकडे तिने बघितलं नाही. यंदाच्या दिवाळीत कोणती साडी वाट्याला येईल याचा हिशेब तिच्या डोक्यात आला नसेल असं नाही. माणूस कितीही रडलं तरी हिशेब सुटत नाही. पण तिने पोर ठेवली.

"मी मालोजीच्या जीपला फोन करतो," किशोर म्हणाला. या घरात त्याने स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट. "पोलादपूरला नेऊया. बारसं नंतर बघू."

"जीप येईपर्यंत पाजून घे," शर्मिला सेजलजवळ सरकली. "इथंच बस. आत जायला नको."

चांगूने तोंड फिरवलं आणि अंगणात गेला. जाताना त्याने पाळण्याखालचे तिन्ही डबे उचलून नेले. ते त्याने कुठे टाकले ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

पोरीला आधी ओढता येईना. दहा दिवस बाटलीच्या बुचाची सवय, आणि अंगात ताकद नाही. शर्मिलाने तिची मान हातावर तोलली, सेजलने दोन थेंब ओठांवर पिळले. पोरीने ओठ चाटले. पुन्हा दोन थेंब. मग तोंड मोठं उघडलं, आणि शर्मिला म्हणाली, "आता, आता लाव." सेजलने खालचा ओठ दातांत धरला, डोळे घट्ट मिटले. काही वेळ काहीच झालं नाही. मग पोरीच्या गळ्यातून गिळल्याचा आवाज आला, आणि मग दुसरा.

चंद्राबाई उंबऱ्यावरून हे बघत होती. बारा दिवस तिने या घराला दुधावर व्याख्यान दिलं होतं: दूध कधी जड होतं, कधी पातळ होतं, कोणत्या कुशीवर पाजलं की लागतं, कोणत्या वेळी पाजू नये. सेजलला वाटलं, आता काहीतरी बोलणार. मान अशी धर, पदर असा घे. तिने उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ते चांगलं तिखट होतं.

चंद्राबाई बसल्या जागेवरून थोडी पुढे सरकली. पोरीच्या हलणाऱ्या गालाकडे तिची नजर लागली होती.

"गो," तिने हळूच विचारलं, "दुखतं का?"

सेजलने मान वर केली. तिखट उत्तर तिच्या तोंडातच राहिलं.

"पहिल्यांदा दुखतं," ती म्हणाली. "मग नाय."

"असं होय," चंद्राबाई म्हणाली.